सहावीतल्या पोरीचं लायब्ररी कार्ड आणि तो हमीदार

15 ऑक्टोबरला कलामांच्या वाढदिवसाचा वाचन प्रेरणा दिन असतो ना, त्यासाठी शाळेत मॅडमनी सांगितलं, वाचलेल्या एका पुस्तकावर पानभर लिहून आणा. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज काय, तर "कोणाकडे रेडीमेड आहे का?" मी हसलो, पण आमच्या घरी तरी काय वेगळं आहे. 2023 ला वर्ध्याच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो, सेल्फी काढले, पाच पुस्तकं घेतली, त्यातलं एक अजून प्लास्टिकमध्येच आहे. बाकीच्या चारांचं विचारू नका. शाळेच्या लायब्ररीचं कपाट कुलूपबंद, किल्लीवाल्या मॅडम निवडणुकीच्या ड्युटीवर.

म्हणून एका जुन्या वाचनालयात (नाव नाही लिहीत) पोरीचं कार्ड काढायला गेलो. फॉर्म, फोटो, आधारची झेरॉक्स, अनामत, सगळं दहा मिनिटांत झालं. अडलं ते फॉर्मच्या मागच्या बाजूला. "हमीदार सभासदाची सही."

"काका, मी अनामत भरून राह्यलो ना?"

"ते वेगळं, हे वेगळं. दोन वर्षं जुना सभासद पाहिजे."

बँकेतून कर्ज घेऊन राह्यलो काय बापा, दोन गोष्टीच्या पुस्तकांसाठी जामीन! बरं, सभासद आणायचा कुठून? ऑफिसात विचारलं, कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांचं एकच, "आमच्या बाबांचं होतं कार्ड." होतं. आहे म्हणणारा एक सापडला, आमच्याच बिल्डिंगमधले खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड सर. चहा पाजला, तासभर गप्पा मारल्या, सही दिली. पुढच्या शनिवारी फॉर्म घेऊन गेलो तर सरांची आठ महिन्यांची वर्गणी बाकी, थकबाकीदाराची हमी चालत नाही. म्हटलं मी भरतो. तर नाही, सभासदानं यावं नाहीतर त्याचं पत्र आणावं. सरांचा गुडघा दुखतो, म्हणून पत्र घेतलं, परत गेलो. तेव्हा वर्गणी घेतली (फक्त रोख, सुट्टे घेऊन जा, मी त्या उन्हात सुट्ट्यांसाठी पानठेल्यावर गेलो) आणि मग रजिस्टर काढून सही जुळवायला बसले! रजिस्टरातली सही किती वर्षांपूर्वीची, झोकदार, खाली रेघ मारलेली. आता सरांचा हात थरथरतो. "जुळत नाही." तिथं माझा आवाज चढला, खरं सांगतो, आणि त्यानं काडीचा फरक पडला नाही.

चौथ्या खेपेला सरांनाच गाडीवर बसवून नेलं. त्यांनी काउंटरवर समोर सही केली, तीही जुळली नाही. काका दोन मिनिटं बघत राहिले अन् म्हणाले, "असू द्या आता." असूच द्यायचं होतं तर आधी काय झालं होतं! आणि सर लगेच निघतील तर कसले, आलोच आहे तर म्हणून दीड तास पेपर वाचत बसले, मी बाहेर गाडीवर.

ज्यांना जायचं असेल त्यांनी आधी फॉर्म घरी आणा आणि मागची बाजू वाचा. पोरालाही सोबत न्या, त्याचीही सही लागते, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. हमीदाराला भेटाल तेव्हा आधी वर्गणी भरली का ते विचारा, चहा नंतर. अनामतीची पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत.

पोरीचा तो पानभर मजकूर? कार्ड मिळेस्तोवर 15 तारीख उलटून महिना झाला होता. बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, त्यातल्या एका अंकावर तिनं लिहून दिलं. मोबाईलवर वाचला, पण पूर्ण वाचला.

आता म्हटलं माझंही कार्ड काढून टाकू, सर आहेतच. तर काका म्हणाले, एका सभासदाला एकाचीच हमी देता येते.