पाकिटाच्या पाठीवरचा सामना

दरवर्षी मार्च सरत आला की अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरमधल्या आमच्या घरी येणारे कोणी ना कोणी विचारतेच: ८२ सामन्यांच्या हंगामात शेवटच्या एका सामन्याची एवढी घालमेल कशाला, आणि तो सुरू होण्याआधी तुम्ही जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने काय मांडत बसता? यंदा तुम्हीही विचारलेत, म्हणून जपून ठेवलेले एक पाकीटच तुमच्यापुढे ठेवतो. ते ७ एप्रिल २०१८ चे आहे. त्या शनिवारी सेंट्रल डिव्हिजन या एकाच विभागातले दोन संघ, यजमान कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच आणि पाहुणे सेंट लुईस ब्लूज, हंगामातला आपापला शेवटचा आइस हॉकी सामना इथे खेळणार होते, आणि वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिमेकडच्या गटात, प्लेऑफची एकच जागा उरली होती.

पाकिटावर सर्वांत वर दोनच आकडे आहेत: ब्लूज ९४, अ‍ॅव्हलांच ९३. हे आकडे वाचायचे तर एक नियम ठाऊक हवा. नॅशनल हॉकी लीगमध्ये विजयाला दोन गुण मिळतात आणि साठ मिनिटांत हरलेल्याला शून्य. पण साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर दोन्ही संघांच्या पदरात एकेक गुण आधीच पडतो आणि ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर आळीपाळीने केलेल्या प्रयत्नांत) जिंकणाऱ्याला वर आणखी एक मिळतो. आयपीएलमध्ये सुपर ओव्हर हरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. इथे हरूनही गुण मिळतो. त्यामुळे एरवी फेब्रुवारी-मार्चमध्ये बरोबरीत असलेले दोन संघ शेवटची पाच मिनिटे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जपून खेळवतात, कारण एक गुण खिशात पडणार हे दोघांनाही दिसत असते. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही. एकाच विभागातल्या प्रतिस्पर्ध्याला मात्र तो एक गुणही द्यायचा नसतो. आपले दोन वाढवायचे आणि त्याचे दोन अडवायचे, म्हणून इथले लोक अशा लढतीला ‘चार गुणांचा सामना’ म्हणतात.

आता ते दोन आकडे पुन्हा पाहा. ब्लूजना फक्त एक गुण हवा होता. साठ मिनिटे बरोबरीत काढली की ते आत, पुढे ओव्हरटाइममध्ये हरले तरी आत. अ‍ॅव्हलांचला साठ मिनिटांच्या आतच जिंकणे भाग होते, कारण ओव्हरटाइममध्ये जिंकून ९५-९५ अशी बरोबरी साधली तरी जागा ब्लूजनाच मिळाली असती. हॉकीत पिछाडीवरचा संघ शेवटच्या एक-दोन मिनिटांत आपला गोलरक्षक बाकावर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू उतरवतो. मागचे जाळे उघडे पडते, पण हल्ल्याला एक माणूस वाढतो. बरोबरीत असताना असे कोणी करत नाही. मात्र त्या संध्याकाळी ५८ व्या मिनिटाला गुणफलक २-२ असता, तर कोलोरॅडोचे प्रशिक्षक जॅरेड बेडनार यांना जाळे रिकामे ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नसते, कारण ती बरोबरी त्यांच्या दृष्टीने पराभवच होती. पाकिटावर मी ‘२-२, मिनिट ५८’ असे लिहून त्याभोवती तीनदा वर्तुळ काढलेले आहे. सामना सुरू होण्याआधी मी सर्वाधिक वाट पाहत होतो ती या क्षणाची.

त्याखाली ‘पाय’ असा एकच शब्द आहे. ब्लूज आदल्या रात्री सेंट लुईसमध्ये शिकागोशी खेळून विमानाने आले होते आणि डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर आहे. नवख्या माणसाला इथे दोन जिने चढले तरी धाप लागते. हे खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग करतात आणि बाकावर परततात. त्यात तीन सत्रांपैकी दुसऱ्या सत्रात संघ बाजू बदलतात, तेव्हा आपला बाक आपल्या गोलपासून लांब पडतो आणि दमलेल्या बचावपटूंना परतायला निम्मा रिंक ओलांडावा लागतो. पक आपल्याच टोकाला अडकला तर तेच पाच जण दीड-दोन मिनिटे तिथे कोंडले जातात. म्हणून अशा सामन्याआधी मला कोणी विचारले की लक्ष कधी द्यायचे, तर मी दुसरे सत्र सांगतो. पहिल्यात तुम्ही निवांत चहा घेतलात तरी चालेल.

वृत्तपत्रांचे रकाने अर्थातच कोलोरॅडोचा आक्रमक खेळाडू नेथन मॅकिननने भरले होते. त्याने त्या हंगामात ९७ वैयक्तिक गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून) कमावले, पण तो धोकादायक आहे हे समजायला पाकीट लागत नाही. मला काळजी होती ती गोलरक्षकाची, कारण सेम्योन वार्लामोव्ह जायबंदी होता आणि जाळ्यात जोनाथन बर्निये उभा राहणार होता. आणखी एक गोष्ट मी कोपऱ्यात नोंदवली होती: याच संघाने आदल्या हंगामात अवघे ४८ गुण मिळवून लीगमध्ये तळ गाठला होता. तिचा सामन्याच्या अंदाजाशी काही संबंध नव्हता. ती केवळ माझ्या समाधानासाठी होती.

कोलोरॅडोने ५-२ असा विजय मिळवला. शेवटी ९५ विरुद्ध ९४. ब्लूज एका गुणाने बाहेर राहिले, आणि त्याच ब्लूजनी पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, उचलला. मी ज्याभोवती तीनदा वर्तुळ काढले होते तो प्रसंग काही आलाच नाही. गोलरक्षक काढण्याची चिंता अखेरीस सेंट लुईसच्याच वाट्याला आली आणि बर्निये आपल्या जाळ्यासमोर शेवटपर्यंत उभा राहिला.