चावी गेली, दार बंदच

काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या गेम स्टुडिओत टूल्स प्रोग्रॅमर होते. इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा करतात ते, कंपनीचंच, पण रेसिंग गेमसाठी घडलेलं. आम्ही करत होतो साहसकथा: पिशवी, चाव्या, दारं, आणि कुठेही थांबून सेव्ह करायची सोय.

पहिल्याच महिन्यात टेस्टरने बग नोंदवला. दार उघडलं, सेव्ह केलं, गेम पुन्हा चालू केला. दार बंद आणि चावी पिशवीतून गायब. खेळाडू कायमचा अडकला! शोधत गेल्यावर कळलं, की शर्यत संपली की ट्रॅक नव्याने लोड होतो, त्यामुळे जगातल्या वस्तू कुठल्या अवस्थेत होत्या हे लक्षात ठेवायची वेळ या इंजिनवर कधी आलीच नव्हती. दाराला कायमचा आयडी नव्हता, लोड होताना हाती लागेल तो नंबर मिळायचा. पिशवी आम्ही लिहिलेली, म्हणून तेवढी नीट सेव्ह व्हायची, वापरलेली चावी वजा करून. आयडी देणं दोन दिवसांचं काम. पण लेव्हल एडिटरमध्ये कुणी दार कॉपी-पेस्ट केलं की आयडीही कॉपी व्हायचा. ते सगळं निस्तरायला सात आठवडे गेले.

फ्रॉस्टबाइट या इंजिनबद्दल वाचताना मला म्हणूनच ते आठवडे आठवतात. डाइस या स्टुडिओने ‘बॅटलफील्ड’ या नेमबाजीच्या खेळांसाठी बनवलेलं हे इंजिन २००८ च्या ‘बॅड कंपनी’त पहिल्यांदा दिसलं. पुढे ते डाइसची मालक कंपनी ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) हिच्या इतर स्टुडिओंकडे गेलं, आणि २०१४ च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’साठी त्यांतल्या बायोवेअरला त्यात रोलप्लेइंग गेमची कितीतरी यंत्रणा स्वतः उभी करावी लागली. नेमबाजीच्या खेळाला ती कधी लागलीच नव्हती. ईएच्याच रिस्पॉन स्टुडिओने २०१९ चा ‘जेडाय: फॉलन ऑर्डर’ मात्र अनरिअल इंजिन ४ या बाहेरच्या इंजिनवर केला. कॅपकॉम कंपनीचं आरई इंजिन भयकथेच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ७’पासून मारामारीच्या ‘स्ट्रीट फायटर ६’पर्यंत पोचलं, तेव्हा एकच इंजिन वेगवेगळ्या जातीच्या खेळांना पुरत नाही असं मी म्हणणार नाही.

आमचं खरं दुखणं वेगळं होतं. इंजिन लिहिणारी माणसं त्यांच्या स्वतःच्या रिलीजमध्ये गुंतलेली. प्रश्न पाठवला की उत्तर दोन आठवड्यांनी. मग आम्ही कोडची आपली वेगळी प्रत (ब्रँच) काढली आणि चार महिने सगळ्यांच्या मुख्य कोडमधून (मेनमधून) काही घेतलंच नाही. शेवटी दोन्ही एकत्र (मर्ज) करायला बसलो, तर तीन आठवडे नुसते कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकमेकांशी भिडणारे बदल, सोडवत होतो.

म्हणून डेसिमा या इंजिनची गोष्ट मला फार आवडते. ते बनवणाऱ्या ॲम्स्टरडॅमच्या गुरिला स्टुडिओने त्याचा सोर्स कोड करार होण्याआधीच एका पेटीतून जपानी गेम डिझायनर हिदेओ कोजिमांच्या हाती दिला. ती पेटी सगळ्यांना आठवते. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की कोजिमा प्रॉडक्शन्सने गुरिलाच्या इमारतीतच आपलं छोटं ऑफिस थाटलं. अडलं की उठून विचारायला जाता येईल इतक्या जवळ! डेसिमावर केलेला त्यांचा ‘डेथ स्ट्रँडिंग’ २०१९ मध्ये आला. डेसिमा हे नावसुद्धा नागासाकीच्या देजिमा बेटावरून घेतलेलं, जिथे डच व्यापारी राहायचे.

आमचा दारांचा कोड पुढे मेनमध्ये गेला. काही महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या टीममधल्या एका मुलीने विचारलं, कॉपी केल्यावर आयडी का बदलतो? मी मेल लिहीत बसले नाही. लगेच कॉल लावला, स्क्रीन शेअर केली आणि एडिटरमध्ये एक दार कॉपी करून दाखवलं.