डिचोलीतील आमचे गॅरेज आणि वॅगनआरच्या तीन पिढ्या

गोव्यातील डिचोली–साखळी रस्त्यालगतचे आमचे छोटे गॅरेज आज प्रामुख्याने एकाच गाडीच्या दुरुस्तीसाठी ओळखले जाते. इतर गाड्या आम्ही परत पाठवत नाही; परंतु उभ्या असलेल्या गाड्यांवरून नजर फिरवली, तर त्यांतील निम्म्याहून अधिक वॅगनआर असतात आणि त्यांत तिन्ही पिढ्यांच्या गाड्या शेजारी शेजारी दिसतात. गाडीचे नाव आणि तिची उंच बैठक या दोन गोष्टी वगळल्या, तर पहिल्या वॅगनआरमधील फारच थोडे आजच्या गाडीत शिल्लक आहे. तिच्यात जे जे बदलत गेले, त्याप्रमाणे आमची हत्यारे, आमचे उत्पन्न आणि कामाला ठेवायच्या मुलांचे शिक्षणही बदलत गेले. म्हणून आमची वाटचाल सांगताना या गाडीची वाटचाल सांगणे क्रमप्राप्त आहे.

व्यवसायाची सुरुवात वडिलांनी केली, ती लोहखनिजाच्या खाणींवर चालणाऱ्या ट्रकांच्या कामाने. कमानपाट्यांचे काम, ब्रेकचे काम, गिअरबॉक्स उतरवणे ही त्यांची रोजची मेहनत होती आणि लहान गाड्या त्या वेळी क्वचितच दारात येत. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 बाजारात आली, तरी आमच्या भागात ती घरोघरी दिसू लागेपर्यंत बराच काळ गेला. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे ते इंजिन वडिलांना ट्रकच्या इंजिनापुढे खेळण्यासारखे वाटे. पण कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून, जेट साफ करून आणि स्क्रू अर्धा फेरा इकडेतिकडे फिरवून आवाजावरून मिश्रण जुळवण्यात त्यांचा हात लवकरच बसला. गाडी सुरू ठेवून बॉनेटवर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटून ऐकायचे, ही त्यांची पद्धत होती. तिची कीर्ती पाळी–वेळग्यापर्यंत पोहोचली होती.

1998 साली ह्युंदाईची उंच टपाची सँट्रो आली आणि 1999च्या डिसेंबरात मारुतीने वॅगनआर आणली. जपानमध्ये सुझुकीने हे नाव 1993पासूनच चालवले होते; तिथली गाडी मात्र लहान गाड्यांसाठी असलेल्या करसवलतीच्या मापात बसवलेली होती. भारतात आलेल्या गाडीला 1061 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि इंधन कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरमधून जात होते. सरळसोट बाजू आणि उभी काच पाहून आमच्याकडच्या लोकांनी तिला प्रथम डबा म्हणूनच हसण्यावारी नेले. हे हसणे थांबवले, ते माझ्या मते घरातील वृद्धांनी. नऊवारी नेसलेल्या आजीला मारुती 800मध्ये बसताना मान खाली, कंबर वाकडी आणि एक पाय आत घेऊन मग स्वतःला ढकलून द्यावे लागे. वॅगनआरच्या आसनाची उंची मात्र घरातल्या खुर्चीएवढी असल्याने दार उघडले की सरळ टेकता येत असे. गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्या घरांत हा फरक कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलला. आजही आमच्याकडे जुनी गाडी विकून नवी घेण्याबाबत सल्ला विचारायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न आईच्या किंवा सासूच्या पायांविषयीच विचारतात.

वडिलांच्या दृष्टीने मात्र ही गाडी गैरसोयीची होती, कारण तिच्यात कानाने जुळवण्यासारखे काही उरले नव्हते. सेन्सर बिघडला की इंजिन अडखळे आणि स्क्रू फिरवून उपयोग होत नसे. सेन्सरचा दाब, तारांतील व्होल्टेज आणि इंजेक्टरचा स्पंद मोजायला मल्टिमीटर लागत असे व तो वाचता येणारा माणूस लागत असे. त्यामुळे आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेल्या माझ्या धाकट्या भावाला गॅरेजात जागा मिळाली आणि पहिल्यांदाच वडिलांपेक्षा त्याच्या शब्दाला ग्राहक अधिक मान देऊ लागले. वडिलांनी ते मोठ्या मनाने घेतले, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल.

त्या पहिल्या पिढीने आमचे घर चालवले, ते मुख्यतः दोन कामांवर. एक म्हणजे टायमिंग बेल्ट. हा दातेरी रबरी पट्टा क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) यांची फिरकी एकमेकांशी जुळती ठेवतो आणि ठरावीक किलोमीटरनंतर तो बदलावाच लागतो; तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते. बेल्ट, त्याचा टेन्शनर, सोबत पाण्याचा पंप असे एकत्र काम निघत असल्याने महिन्याच्या हिशेबात त्याचा मोठा वाटा असे. दुसरे काम होते धुळीचे. 2003 ते 2012 या काळात चीनमधील मागणीमुळे आमच्या तालुक्यातून खनिज अखंड वाहत होते आणि ट्रकांच्या रांगांमधून रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या एअर फिल्टरच्या पेटीची क्लिप काढली, की आतली घडीदार कागदी जाळी शेंदरासारखी लाल झालेली दिसे. ती हलकेच आपटली, तर ओंजळभर माती बाकावर सांडे आणि त्या मातीत खनिजाचे कण चमकत. पुस्तिकेतील बदलाचा काळ म्हापशाच्या गाडीला पुरत असे, आमच्याकडच्या गाडीला नाही. गाडी वेगळ्या रस्त्यावर चालते हे ग्राहकाला पटवून देणे हे त्या दशकातील आमचे निम्मे काम होते.

2012च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले. ट्रक जागोजागी ताडपत्र्या घालून उभे राहिले आणि ट्रकांच्या कामाची आमची उधारी बुडाली नसली तरी ती वसूल व्हायला वर्षे लागली. खाणी पुढे सुरू झाल्या आणि 2018च्या मार्चपासून पुन्हा बंद पडल्या, तेव्हा ट्रकांवर पोट ठेवायचे नाही, हा निर्णय आम्ही कायमचा केला. लहान गाड्यांकडे वळताना सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या घ्याव्यात की एकाच मॉडेलात खोल जावे, यावर घरात बराच खल झाला. आम्ही दुसरा मार्ग घेतला. ज्या मॉडेलाचे सुटे भाग डिचोलीच्याच दुकानात मिळतात, ज्याच्या जुन्या गाड्या गावोगावी आहेत आणि जे भाड्याने गाड्या देणाऱ्यांनाही परवडते, त्या मॉडेलाचा साठा ठेवणे लहान व्यावसायिकाला शक्य असते. कळंगुट–कांदोळी भागातील काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या वॅगनआर आमच्याकडे येऊ लागल्या, त्या या निर्णयानंतरच.

दरम्यान गाडी स्वतः बदलली होती. 2010च्या एप्रिलमध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत 1061 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन जाऊन 998 सीसीचे तीन सिलिंडरचे के-सीरिज इंजिन आले. एक सिलिंडर कमी झाला, हे ऐकूनच काही जुन्या ग्राहकांनी गाडीची किंमत कमी व्हायला हवी होती, असे मत दिले. प्रत्यक्षात ते इंजिन हलके, चपळ आणि इंधनाला काटकसरी निघाले. तीन सिलिंडरच्या रचनेत मूळचा तोल थोडा कमी असल्याने उभ्या गाडीत हलकी थरथर जाणवते आणि माउंटिंगचे रबर जुने झाले की ती स्टिअरिंगपर्यंत येते, एवढेच. आमच्या दृष्टीने मोठा बदल वेगळाच होता. या इंजिनात बेल्टच्या जागी धातूची टायमिंग चेन आली. ऑइल वेळेवर बदलले, तर चेनला सहसा हात लावावा लागत नाही. म्हणजे आमच्या उत्पन्नाचा एक खांबच कंपनीच्या रेखाटन-फलकावरून निघून गेला होता. ग्राहकाच्या बाजूने पाहिले, तर हा बदल योग्यच होता, हे मी तेव्हाही मान्य करत होतो.

त्याची भरपाई तपासणीच्या कामाने केली. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, तशी गाडीत स्वतःचे दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून दोषाचा क्रमांक वाचण्याचे दिवस आले. स्कॅनर घेण्यासाठी आम्ही कर्ज काढले. मात्र स्कॅनर दोषाचा क्रमांक सांगतो, दोषाचे कारण सांगत नाही, हे नव्या मुलांना समजावणे मला सर्वांत कठीण गेले आहे. ऑक्सिजन सेन्सरचा क्रमांक आला म्हणून सेन्सर बदलणारा मेकॅनिक आणि त्या क्रमांकावरून आधी एक्झॉस्टच्या जोडातील गळती शोधणारा मेकॅनिक यांच्या बिलांत हजारांचा फरक पडतो. येथे वडिलांची कान देऊन ऐकण्याची सवय पुन्हा कामाला येते.

2015च्या अखेरीस क्लच पेडल नसलेली वॅगनआर आली. तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो; फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्रणा करते. चोर्ला घाटातून बेळगावला जाणारे आमचे ग्राहक चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरत. पाय मोकळा असल्याने आत क्लच घासतो आहे, हे त्यांना जाणवत नसे. ही सवय सोडवण्यासाठी आम्ही गाडी देताना दोन मिनिटे बोलतो आणि त्या दोन मिनिटांनी आमची किती कामे कमी केली, याचा हिशेब मी मुद्दाम करत नाही.

2019च्या जानेवारीत आलेली तिसरी पिढी नव्या हार्टेक्ट सांगाड्यावर बांधलेली आहे. गाडी रुंद झाली, 1197 सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा पर्याय मिळाला आणि डिकी 341 लिटरची झाली. ही डिकी आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात मोजून घ्यावी. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायच्या चौकटीसाठी, सुपारीचे शिंपुटे, नारळाची पेंड, केळ्यांचे घड, माट्टुळी आणि आंबाडे घेऊन डिचोलीच्या बाजारातून निघालेल्या कुटुंबाला पूर्वी मागची सीट पाडावी लागे. आता माणसेही बसतात आणि माटोळीही मावते. फक्त सीएनजीची गाडी घेतलेल्यांना हे सुख नाही, कारण सिलिंडर त्याच जागेत बसतो. गोव्यात सीएनजी पंप अलीकडच्या वर्षांत उभे राहिले आणि टॅक्सीवाल्यांपाठोपाठ मोपाच्या विमानतळावर रोज जाणारे नोकरदारही या गाड्या घेऊ लागले. या सिलिंडरची दर 3 वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते, हे विक्रीच्या वेळी सांगितलेले असूनही बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही त्याची तारीख ग्राहकाच्या कार्डावर लाल शाईने लिहितो.

सुरक्षिततेविषयी आम्हाला वारंवार विचारले जाते. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी वॅगनआरला 2019 साली दोन तारे मिळाले आणि 2023 साली अधिक कडक निकषांखाली प्रौढांसाठी एक तारा व मुलांसाठी शून्य. माझा उपजीविकेचा आधार हीच गाडी असली, तरी हे आकडे मी लपवत नाही. घाटातून आणि महामार्गावरून रोजचा लांबचा प्रवास असलेल्याला मी दुसरी गाडी पाहण्यास सांगतो. गावातल्या गावात, बाजाराला, शाळेला आणि देवळाला जाणाऱ्या कुटुंबाला हीच सोयीची आहे असे सांगतो.

आमचे सर्वांत चिवट काम मात्र कोणत्याही पिढीने कमी केलेले नाही आणि ते म्हणजे गंज. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या गाड्यांना त्यावर खारा वाराही लागतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत फणसाची आणि आंब्याची पाने कुजून बसली, की पाण्याची वाट बुजते आणि ते पाणी चालकाशेजारच्या पायाखालच्या गालिच्यात मुरते. वरून काही दिसत नाही. गालिचा उचलला, की कुबट वास येतो आणि पत्र्यावर तांबूस पापुद्रे सुटलेले दिसतात. त्यासाठी आम्ही मृगाच्या आधी जाळी उघडून साफ करण्याचे काम सर्व्हिसमध्येच धरतो, त्याचे वेगळे पैसे लावत नाही. दाराच्या खालच्या कडेची पाणी वाहून जाण्याची भोके टाचणीने मोकळी करणे हे शिकाऊ मुलाचे पहिले काम असते. पंधरा वर्षे पूर्ण झालेली पहिल्या पिढीची गाडी नोंदणी नूतनीकरणासाठी तयार करताना इंजिनावर होतो त्यापेक्षा अधिक खर्च पत्र्यावर होतो, त्याचे कारण हेच आहे. तरीही लोक ती करून घेतात. त्यासाठी टायमिंग बेल्टचे दोन संच आमच्या फळीवर आजही असतात.

आता नव्या वॅगनआरमध्ये सहा एअरबॅग सर्वच प्रकारांत मिळू लागल्या आहेत आणि त्यामुळे गॅरेजातील काही सवयी मोडाव्या लागल्या. बाजूच्या एअरबॅग पुढच्या आसनांच्या कडेत शिवलेल्या असतात. त्यामुळे आसन काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडून काही मिनिटे थांबण्याचा नियम आम्ही भिंतीवर लावला आहे. नवी गाडी घरी आणली, की दुसऱ्या दिवशी जाड रेक्झिनचे सीट कव्हर चढवायचे, ही आमच्याकडील जुनी हौस; पण चारी बाजूंनी घट्ट शिवलेले कव्हर फुगणारी एअरबॅग अडवू शकते. डिचोली बाजारातील ज्या कव्हरवाल्याकडे आम्ही वर्षानुवर्षे ग्राहक पाठवतो, त्याच्याशी याबाबत बोलणे झाले आहे. आसनाची बाहेरची कड मोकळी ठेवून, तिथे सहज उसवेल अशा दोऱ्याची शिवण घालून तो सध्या नमुने तयार करत आहे. ते गाडीच्या पुस्तिकेतील सूचनांशी ताडून पाहिल्याशिवाय एकही कव्हर बसवायचे नाही, असे आमच्यात ठरले आहे.