ग्नूकॅश आणि पावत्यांचे फोटो: उन्हाळ्याआधी कुठवर आलं काम

पावत्या स्कॅन करून ग्नूकॅशच्या (घरचा हिशेब ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर) एंट्रीला जोडायचं काम आता बरंच मार्गी लागलंय, कोणी हेच करून राहिलं असेल तर कामी येईल म्हणून लिहितो.

घाई थर्मल पेपरची आहे. बर्डीतली (सीताबर्डी, आपल्या नागपुरातला बाजार) दुकानं काय, पेट्रोल पंप काय, बहुतेक ठिकाणी तोच कागद, त्यात शाई नसतेच, कागदावरचा थर गरमीने काळा होतो तेच अक्षर. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली पावती काळी पडते, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवावी तर प्लास्टिकमधल्या रसायनाने अक्षरं उडतात. म्हणून कूलर, इन्व्हर्टरची बॅटरी, असं वॉरंटीवालं बिल घरी आलं की त्याच दिवशी स्कॅन, किराण्याचं नंतर पाहू.

आता खरा मुद्दा. ग्नूकॅश फोटो आपल्या पोटात ठेवत नाही, एंट्रीसोबत फक्त फाइलचा पत्ता ठेवतं. फोल्डर हलला की लिंक तुटली. त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली पाथ हेड, म्हणजे सगळ्या लिंकांचा मूळ फोल्डर, आहे, तो आधी पावत्यांच्या फोल्डरवर सेट करा, मग लिंका रिलेटिव्ह होतात, म्हणजे पूर्ण पत्त्याऐवजी त्या फोल्डरपासूनचा पत्ता धरतात, आणि लॅपटॉप बदलला तरी एकाच जागी बदल करावा लागतो. टूल्समध्ये लिंक्ड डॉक्युमेंट्सची यादी आहे, कोणती फाइल सापडते कोणती नाही ते तिथे कळतं. महिनाअखेरी बँकेचं रिकन्सिल (स्टेटमेंटशी हिशेब जुळवणं) झालं की मी ती यादी उघडतोच, मला तर हे त्या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात कामाचं पण सगळ्यात कमी वापरलं जाणारं फीचर वाटतं.

एका ट्रान्झॅक्शनला लिंक एकच बसते, त्यामुळे दवाखान्याचं चार-पाच पानी बिल असलं की आयएमजी-टू-पीडीएफ (img2pdf) या टूलने एक पीडीएफ करतो, ते जेपेग फोटो परत कॉम्प्रेस करत नाही, जसंच्या तसं आत ठेवतं. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फोटो पाठवायची सवय असेल तर सोडा, बारीक आकडे पुसट होतात.

पुढचा क्रम मात्र उलटा करू नका. आधी एक्झिफटूलने (फोटोत लपलेली माहिती बदलायचं टूल) फोटोतलं जीपीएस लोकेशन काढून टाकायचं, मग फाइलला तारखेने सुरू होणारं नाव, आणि मग शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा, एका टेक्स्ट फाइलमध्ये. चेकसम आधी घेतला आणि लोकेशन नंतर काढलं की फाइल बदलली, जुना चेकसम जुळणारच नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर ग्नूकॅशची फाइल एन्क्रिप्टेड नसते, उघडायला पासवर्ड लागत नाही, आणि पावतीवर आपला मोबाइल नंबर, कार्डाचे शेवटचे चार आकडे, औषधांची नावं, सगळंच असतं हो. म्हणून हिशेबाची फाइल आणि पावत्यांचा फोल्डर दोन्ही एकाच व्हेराक्रिप्ट कंटेनरमध्ये (पासवर्डने उघडणारी एन्क्रिप्टेड पेटी) ठेवलंय. बॅकअप रेस्टिक नावाच्या टूलने, ग्नूकॅश बंद करून, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक बाहेर. रेस्टिक डेटा एन्क्रिप्ट करूनच ठेवतं, पण पासवर्ड हरवला तर कोणीच परत देऊ शकत नाही, तो कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि घरात सांगून ठेवलंय. नुसता बॅकअप झाला म्हणून थांबत नाही, दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून चेकसम जुळवतो, पाथ हेड तिकडे वळवून यादी परत पाहतो. सगळं जुळलं की लई बरं वाटतं.

आता राहिला वरच्या मजल्याच्या बांधकामाचा गठ्ठा. पुढे कधी घर विकलं तर कॅपिटल गेन (विक्रीतला करपात्र नफा) काढताना हा खर्च वजा होतो, म्हणजे ही बिलं कितीही वर्षं टिकली पाहिजेत. यात इतवारीतल्या हार्डवेअरवाल्यांच्या निळ्या कार्बन कॉपी आहेत, ग्रेस्केलमध्ये त्या फिक्या येतात, कलरमध्ये ३०० डीपीआयला नीट वाचता येतात, तर त्या तशाच करून राहिलोय. सिमेंट-सळाखीच्या झाल्या, टाइल्सच्या बाकी आहेत.