हिशेब सकाळीच करून ठेवावा

तापलेल्या, निर्मनुष्य मुलखातून एकट्याने सायकलवर लांब जायचे असेल, तर दिवसाची आखणी अंतरावर नव्हे, पाण्यावर करावी लागते. नकाशावर पुढची वस्ती ९० किलोमीटरवर दिसली, की मी आधी एवढेच पाहतो, की मध्ये खात्रीचे पाणी कुठे आहे आणि ते आटलेले निघाले तर जवळचे पाणी कुठवर पुरेल. कडक उन्हात तासाला एक लिटर घाम सहज जातो, कधी त्याहूनही जास्त. सहा लिटर पाणी म्हणजे सहा किलो ओझे, आणि चढावर ते मांड्यांना चांगलेच जाणवते. तरीही सामान हलके करायची वेळ आली, तर मी जास्तीचे कपडे मागे ठेवतो, पाण्याला हात लावत नाही.

चालत्या सायकलवर उन्हाचा खरा अंदाज येत नाही, कारण अंगावरचा वारा घाम लगेच सुकवतो. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता अंगातून निघून जाते. पण हा सगळा आधार वाऱ्याचा असतो. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर येतो आणि त्यात वाराही पाठीमागून तेवढ्याच वेगाने वाहत असेल, तर भोवतालची हवा जणू थांबते; घाम कोपरावरून हँडलवर टपटप गळू लागतो, आणि गळून गेलेला घाम अंगाला थंडावा देत नाही. म्हणून उन्हाच्या चढावर पाठीचा वारा मला समोरच्या वाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

नुसते पाणी पीत राहणेही पुरेसे नाही. घामाबरोबर मीठ जाते. शर्टावर पांढऱ्या रेघा उमटतात, त्या त्याच्याच. तासन्‌तास केवळ साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते, आणि त्यामुळे होणारी डोकेदुखी व मळमळ पाणी कमी पडल्यासारखीच वाटत असल्याने माणूस आणखी पाणी पितो. मी ओआरएसची पाकिटे हाताशी ठेवतो, पिशवीच्या तळाशी नाही.

एकदा दुपारी सावली मिळाली असतानाही, आणखी पंधरा किलोमीटर होतील म्हणून मी थांबलो नाही. थोड्या वेळाने मागचे चाक बसले. ट्यूब काढली, ठिगळ लावले, हवा भरली आणि निघालो. दोनशे मीटरवर चाक पुन्हा बसले. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा असतो, हे मी वर्षानुवर्षे न विसरता करत आलो होतो, आणि त्या दिवशी ते मला सुचलेच नाही. काटा तिथेच होता, बोटाला लगेच लागला. त्याच क्षणी मला भीती वाटली, ती पंक्चरची नव्हे. ऊन डोक्यावर परिणाम करते तेव्हा तो परिणाम ओळखणारे डोकेही तेच असते, आणि सोबतीला ‘तू विचित्र बोलतो आहेस’ असे सांगणारे कोणी नसते. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि भान हरपू लागले, तर तो उष्माघात असतो. एकट्या माणसाने तिथवर पोहोचताच कामा नये.

तेव्हापासून दुपारचे निर्णय मी पहाटेच, डोके थंड असताना घेतो आणि कागदावर लिहून हँडलच्या पिशवीवर चिकटवतो: दहानंतर जी पहिली सावली येईल तिथे थांबणे, चारच्या आत न निघणे, पुढच्या पाण्याची खात्री नसेल तर जवळचे निम्मे संपण्याआधीच मागे फिरणे. दुपारी तो कागद मी फक्त वाचतो, त्याच्याशी वाद घालत नाही. बाटलीवर ओला सुती मोजा चढवून ती वाऱ्यात टांगतो, सायकल आडवी करून तिच्या शेजारी पडून राहतो, आणि सावली सरकली की दोघेही तिच्याबरोबर सरकतो.