शिंप्याला सुई धरायची बंदी

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोंयकार किती, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. साष्टीतलं अर्धं गाव इथल्या गोदामांत खोकी उचलतंय. मीही त्यातलाच, फक्त डिचोलीचा.

तर झालं असं, की २०२५ च्या ऐन नोव्हेंबरात माझ्या जॅकेटची चेन तुटली. इथे ती बदलायला वीसेक पौंड सांगतात, त्यात डिचोलीच्या बाजारात नवं जॅकेट येईल. लायब्ररीत ओढाताण करत बसलो होतो. शेजारी रोज बसणाऱ्या सुदानी माणसाने न बोलता जॅकेट हातातून काढून घेतलं. हा ओम्दुरमानचा शिंपी. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे लष्कर आणि निमलष्करी दलात लढाई पेटली आणि त्याचं दुकान गेलं. सध्या शहराबाहेरच्या एका हॉटेलात सरकारने ठेवलेला आहे. हॉटेलात हीटर असतो, पण दिवसभर भिंतीकडे किती बघणार, म्हणून लायब्ररी.

दहा मिनिटांत चेन चालू. मी दहाची नोट पुढे केली, तर गडी खुर्चीसकट मागे सरकला. "नो वर्क, नो मनी." आजूबाजूला बघत म्हणाला.

तोपर्यंत मला हा नियम धड माहीत नव्हता. आश्रय मागणाऱ्याने निकाल लागेपर्यंत काम करायचं नाही. वर्षभरात निकाल आला नाही आणि उशीर त्याच्यामुळे झालेला नसला, तर परवानगी मागता येते. तीही तेव्हा सरकारच्या यादीतल्या कामांपुरतीच होती. यादीत कसलेले बॅले नर्तक होते, शिंपी नव्हता. हॉटेलात जेवण मिळतं म्हणून हाती तेव्हा आठवड्याला ९.९५ पौंड, म्हणजे अकराशेच्या आसपास रुपये. बसचं भाडं, फोनचा रिचार्ज, साबण, सगळं त्यात. आणि आमच्या गोदामात नाताळच्या गर्दीसाठी माणसं मिळत नाहीत म्हणून मी सलग सहावी रात्रपाळी करतोय! हॉटेलचा खर्च करदात्यांच्या पैशातून, त्यात माझेही आले. माणसाला बसवून ठेवायचं, बसण्याचे पैसे भरायचे, आणि वर 'फुकटे' म्हणायचं. या नियमाचा मला जेवढा राग आला तेवढा इथल्या पावसाचाही येत नाही.

त्याच आठवड्यात ब्रिटनच्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी संसदेत नवी योजना मांडली. निर्वासिताचा दर्जा अडीच वर्षांपुरता, मग पुन्हा तपासणी. बेकायदा मार्गाने आलेल्याला कायमचं राहायला वीस वर्षं थांबावं लागणार, आजवर पाच लागायची. धडा डेन्मार्कचा. बाई स्वतः स्थलांतरितांची मुलगी. काम करता येत असून न करणाऱ्यांची मदत तोडायचीही भाषा होती. माझ्या शिंप्याला तर करूच देत नाहीत.

कॅन्टीनमध्ये यावर चर्चा झाली तेव्हा माझा नावेलीचा रूममेट म्हणाला, "आमी कागदां घेवन आयल्यांत, पात्रांव." म्हणजे, आपण कागद घेऊन आलोय, साहेब. मी मान डोलावली. खरंच आहे ते. पोर्तुगीज पासपोर्टसाठी मी दोन वर्षं दलालाच्या दारात उभा होतो, भारतीय पासपोर्ट परत केला, ब्रेक्झिटने दार बंद व्हायच्या, म्हणजे ३१ डिसेंबर २०२० च्या आत इथे पोचलो. फुकट काही मिळालेलं नाही. पण मुळात माझा कागद म्हणजे काय? बाबा १९५४ साली पोर्तुगीज अमलातल्या डिचोलीत जन्मले आणि गोवा मुक्तीचा १९ डिसेंबर १९६१ अजून यायचा होता, एवढंच. दोडामार्गला, हद्दीपलीकडे चार कोसांवर जन्मले असते तर?

आपण भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, पण तिबेटींना ठेवून घेतलंच की. कळंगुटला त्यांची दुकानं लहानपणापासून बघतोय. हे इथल्या एका गोऱ्याला मी छाती काढून सांगितलं. आमच्या वाड्यावर भाड्याने राहणाऱ्या मजुरांना आपण 'घाटी' म्हणतो, ते नाही सांगितलं. प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी असं नाही.

सोमवारी आई मंगेशीला पालखीला गेली होती. फोनवर तिला शिंप्याचं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा आपला मंगेशसुद्धा कुठ्ठाळीहून नदी ओलांडून रातोरात इथे फोंड्यात आलेला. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. फोंड्यात तेव्हा आदिलशहाचा अंमल. त्याने कुठे कागद मागितले?" मी म्हटलं, आई, तो काळ वेगळा होता. ती म्हणाली, "बरं. पैसे घेत नाही तर जेवायला घाल."

घातलं. फ्रोझन बांगड्याचं हुमण केलं, त्याने बोटं चाटून खाल्लं. सोलकढी मात्र औषध प्यावं तशी प्याला. जाताना मी त्याला सुयांचं पाकीट आणि काळ्या दोऱ्याचं मोठं रीळ दिलं. त्याने ते घेतलं नाही. आधी फोन काढला, कुणाला तरी अरबीत बराच वेळ काहीतरी विचारलं, दोनदा खात्री करून घेतली, आणि मग रीळ खिशात टाकलं.