दुपारी चार ते सहा

लेक अकरावीत गेली तेव्हा आमच्या घरात एक गोष्ट पक्की ठरलेली होती: कॉलेजचे पैसे पाय आणतील, व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं, खर्जातलं भावंड, हौस म्हणून सोबत येईल. न्यू जर्सीत क्रॉस-कंट्री, म्हणजे माळावरून-टेकड्यांवरून लांब शर्यत, पळणाऱ्या कुठल्याही पोराला होमडेल पार्कच्या चढाबद्दल विचारा, तोंड वाकडं करेल. त्या चढासकट पाच किलोमीटर ती एकवीस मिनिटांच्या आत संपवायची. मिरजेहून आई दर रविवारी फोनवर विचारायची, "तिकडे खेळणाऱ्यांना फुकट शिकवतात ना गं?" मी म्हणायचे, "हो, बघू."

बघितलं. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, तेव्हा एका कॉलेजला मुलींच्या क्रॉस-कंट्री आणि ट्रॅकला मिळून जास्तीत जास्त १८ शिष्यवृत्त्या देता यायच्या. त्याही तुकडे करून वाटायच्या, आणि तिथल्या मुलींच्या वेळा बघून लेकीनं लॅपटॉप मिटला. शिवाय तिला लहान कॉलेज हवं होतं, जिथं प्रोफेसरला नाव माहीत असतं. तसली बरीचशी कॉलेजं डिव्हिजन थ्रीत आहेत, चारशेहून जास्त, आणि तिथं खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. कोच तुमच्यासाठी प्रवेश विभागात शब्द टाकू शकतो, पण पैशांच्या फाइलला हात लावू शकत नाही, नियमच तसा आहे. हे आम्हाला कळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला होता. बऱ्याच खासगी कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च ८० हजार डॉलरच्या पुढं. नवरा म्हणाला, "चार वर्षांत एक घर होतं एवढ्यात." आमच्या एडिसन गावात होत नाही, पण मी वाद घातला नाही.

छापील आकड्यावर जाऊ नका, हे मला आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी सांगितलं. त्यांचे दोन मुलगे यातून गेलेत. २०११पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. पगार, बचत, घराची माहिती भरली की तुम्हाला साधारण किती पडेल ते येतं. मी एका शनिवारी बसून बावीस कॉलेजं केली. आमची गत ना धड इकडची ना तिकडची: दोन पगार आहेत म्हणून गरजेवरची मदत जवळपास नाही, आणि दोन पगारांतून ८० हजार निघत नाहीत. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट अशी मोठ्या नावाची कॉलेजं फक्त गरज बघून मदत देतात, हुशारीसाठी वेगळी शिष्यवृत्तीच नाही. ती नावं त्याच रात्री खोडली. लेकीला वाईट वाटलं, मला थोडं हायसं.

मग काकूंनी दुसरी चावी दिली: कॉमन डेटा सेट. कॉलेजच्या नावापुढं हे शब्द टाकून शोधलं की एक कंटाळवाणी पीडीएफ सापडते. तिच्यात 'एच' विभागात एक ओळ असते, ज्यांची आर्थिक गरज निघाली नाही अशा किती मुलांना कॉलेजनं स्वतःहून पैसे दिले आणि सरासरी किती. मला विचाराल तर ब्रोशरमधल्या हिरवळीच्या फोटोंपेक्षा ही एक ओळ जास्त खरं बोलते. काही ठिकाणी तो आकडा ३० हजारांच्या आसपास होता, काही ठिकाणी रकाना रिकामा.

याच शोधात व्हायोला वर आली. ओबर्लिन आणि लॉरेन्स ही छोटी कॉलेजं, पण दोन्हींना स्वतःची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीताची वेगळी शाळा, आहे आणि दोन्ही डिव्हिजन थ्रीत खेळतात. लेकीला मात्र संगीतात पदवी नको होती, बायोलॉजी करायचं होतं. मग मिडवेस्टमधली लुथरन, म्हणजे त्या प्रोटेस्टंट पंथाची, कॉलेजं सापडली. नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या लोकांनी ती काढली, चर्चमधल्या एकत्र गाण्याची सवय त्यांनी सोबत आणली, त्यामुळं एवढ्याशा कॉलेजात मोठाले कॉयर (गाणाऱ्यांचे संघ) आणि ऑर्केस्ट्रा. आयोवातलं लुथर, मिनेसोटातलं गस्टाव्हस अडॉल्फस. या दोन्ही ठिकाणी संगीताची शिष्यवृत्ती मिळायला संगीत हा मुख्य विषय असावा लागत नाही. गस्टाव्हसची तर युस्सी ब्योर्लिंग या स्वीडिश गायकाच्या नावानं आहे. शिवाय व्हायोलिनवाले पोत्यानं मिळतात, व्हायोलावाले शोधावे लागतात. पाचवीत शाळेतली सगळी व्हायोलिनं संपली म्हणून बाईंनी हिच्या हातात व्हायोला दिली होती. तेव्हा मी शाळेला तक्रारीची ईमेल लिहिली होती, आता लाज वाटते.

बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, आम्ही गाडी काढली. नऊ दिवस, सहा कॉलेजं, डिकीत व्हायोला आणि चिखलाचे बूट. निघायच्या आधीच एक धसका बसला होता. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज ३१ मेला कायमचं बंद झालं, आणि त्यांचा बेसबॉल संघ त्याच दिवसांत ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या अंतिम स्पर्धेत खेळत होता. शर्टावर नाव असलेलं कॉलेजच उरलं नाही. तेव्हापासून माझ्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढला: पाच वर्षांत मुलांची संख्या किती घसरली. फीची सवलत फार मोठी दिसली तर आधी तो रकाना बघायचा.

प्रत्येक कॉलेजात लेक कोचला आणि ऑर्केस्ट्राच्या संचालकांना वेगवेगळी भेटली. दोघंही गोड बोलायचे. "आमच्याकडे खूप मुलं दोन्ही करतात," हे वाक्य सहाही ठिकाणी ऐकलं. तिसऱ्या कॉलेजात तिनं पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला, "ऑर्केस्ट्राची रिहर्सल कधी असते?" मंगळवार-गुरुवार, साडेचार ते सहा. "आणि संघाचा सराव?" रोज चार ते सहा. संचालक हसले आणि म्हणाले, "ते तुम्ही कोचशी बोला." कोच म्हणाले, "ते संचालकांशी बोला." परतताना गाडीत ती म्हणाली, "आई, यांनी एकमेकांना कधी बघितलंय का?"

त्यानंतर हाच पहिला प्रश्न झाला. आणि तो दोघांना एकत्र विचारायचा, जमलं तर ईमेलमध्ये दोघांना ठेवून. पाचव्या कॉलेजात कोचबाईंनी कागद घेतला, आठवड्याचे सात रकाने पाडले, त्यात बायोलॉजीची लॅबही टाकली, कारण लॅब दुपारी एकला सुरू होऊन चारला संपते हे आम्ही धरलंच नव्हतं. मंगळवार आणि गुरुवारच्या खणात त्यांनी "सकाळी ६:३०, एकटी किंवा सहायक कोचबरोबर" असं लिहिलं. मग संचालकांना फोन लावून, शर्यतीच्या शनिवारी रिहर्सल नसते ना, ते विचारून घेतलं. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

सगळीकडे असं नाही. एका कोचनं जुलैत प्री-रीडसाठी गुणपत्रिका मागवल्या, म्हणजे प्रवेश विभाग अर्जाआधीच अंदाज देतो. "तू आमच्या यादीत वर आहेस" असं सांगून अर्ली डिसिजनला, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथंच जायचं असा बांधून घेणारा अर्ज करायला सुचवलं. आम्ही पैशांचा अंदाज लेखी मागितला, तर उत्तर आलंच नाही. नंतर त्यांच्या टीमच्या पानावर दुसऱ्या मुलींची नावं दिसली. लेक दोन दिवस बोलली नाही. बांधून घेणाऱ्या अर्जात भाव करायला जागा राहत नाही, म्हणून आम्ही तसा कुठंच केला नाही.

त्या वर्षी फाफसा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबर संपताना उघडला. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे बरीच खासगी कॉलेजं मदतीसाठी मागतात तो फॉर्म, वेळेवर भरला. जानेवारीत ऑडिशन्स, दोन प्रत्यक्ष, बाकी व्हिडिओवर. बाखचा एक भाग, एका कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट, स्केल्स. व्हिडिओच्या अकराव्या टेकला शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकला आणि तोच टेक सगळ्यात चांगला होता. पाठवला.

मार्चमध्ये पत्रं आली. एका ठिकाणी शैक्षणिक शिष्यवृत्ती मोठी होती, पण संगीताची मिळाली की तेवढी ती कमी होत होती, म्हणजे बेरीज शून्य. हे पत्रात नव्हतं, फोन करून विचारल्यावर कळलं. पाचव्या कॉलेजात दोन्ही वेगवेगळ्या धरल्या जात होत्या. तरी आमच्या आकड्यापेक्षा चार हजार जास्त पडत होते. मी दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून नम्रपणे एक पानी विनंती लिहिली. आठवड्यानं तीन हजार सुटले. उरलेल्या हजारासाठी लेक लायब्ररीत काम करते. पायांनी एक पैसा आणला नाही. मिरजेला हे समजावताना आई म्हणाली, "म्हणजे सारंगीनं आणले." मी दुरुस्त केलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटाची, शर्यत आणि ऑर्केस्ट्राची पहिली कॉन्सर्ट एकाच शनिवारी आली. सहा किलोमीटरची शर्यत सकाळी अकराला, १२० मैलांवर. कॉन्सर्ट साडेसातला. कोचबाईंनी एक व्हॅन बक्षीस समारंभाआधीच परत पाठवायचं ठरवलंय. लेकीचा मेसेज आलाय की काळा ड्रेस घरीच राहिला, आणि मी तो रात्रीच्या आत कुरिअर करायला निघालेय.